चित्रासाठी सोडलेली जागा

मंडईत स्ट्रॉबेरी आली की हल्ली माझ्याकडून खरेदी होत नाही, तपासणी होते. परवा मेथी आणि आवळे घ्यायला गेले होते. कोपऱ्यावरच्या गाळ्यात पुठ्ठ्याच्या खोक्यांत या मोसमातली पहिली स्ट्रॉबेरी मांडलेली दिसली आणि पाय आपोआप तिकडे वळले. एक फळ उचललं, उलटं केलं, देठाशी असलेली हिरवी टोपी नखानं वर करून आत पाहिलं. मग दुसरं. तिसऱ्या फळाला गाळेवाले म्हणाले, "बाई, घेणार आहात की पंचनामा करणार आहात?"

"आत कोणी राहतंय का ते बघतेय."

"कोणी नाही राहत. एकदम स्वच्छ माल आहे. किडा औषधालासुद्धा सापडायचा नाही."

त्यांनी हे अभिमानानं सांगितलं आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती. पण मला त्या टोपीखाली एखादा पिटुकला कोळी, निदान कोणाची तरी टाकून दिलेली कात दिसायला हवी होती. ती दिसेना, तेव्हा मी खोकं परत ठेवलं. "नमस्कार, पुन्हा या, भिंग घेऊन या," असं मागून ऐकू आलं. भिंग खरंच घरी आहे, पण ते त्यांना सांगत बसले नाही.

वारज्याच्या बसमध्ये मांडीवर मेथीची जुडी घेऊन बसले होते. खिडकीतून थंड वारा येत होता. थंडीचा पहिला वारा नाकाला लागला की एकेकाला एकेक आठवतं. मला साबणाच्या पाण्याचा वास आठवतो. त्या वासाचं कारण सांगायचं तर गेल्या हिवाळ्याबद्दल लिहायला हवं.

गेला हिवाळा मी आणि आक्कांनी आमच्या सोसायटीच्या गच्चीवर काढला. आक्का म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. माझा नवरा गेल्यावर मी त्यांना वाईकडच्या गावाहून इथे आणलं, असं मी लोकांना सांगते. "भावजय एकली पडली, म्हनून मी आले," असं त्या लोकांना सांगतात. दोन्ही खरं आहे. नणंद-भावजय एका घरात सुखानं राहतात यावर आमच्या मजल्यावर कोणाचा विश्वास बसत नाही आणि बसायची गरजही नाही, कारण आम्ही रोज भांडतो.

आक्कांचं निम्मं आयुष्य दुसऱ्यांच्या स्ट्रॉबेरीच्या वावरात गेलं. रोपं लावायची, फळं तोडायची, निवडून खोकी भरायची आणि पाठीवर पंप घेऊन फवारायचं. आल्या तेव्हा त्यांचा खोकला त्यांच्याआधी घरात शिरला. इथल्या डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाला धरून विचारलं, "चुलीचा धूर, धूळ की फवारणी?" आक्का म्हणाल्या, "तिन्ही." डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की सकाळचं ऊन रोज मिळू दे, मोकळ्या हवेत बसू देत, आणि फवारणीच्या वासाला यापुढे एकदाही उभ्या राहता कामा नयेत. एकदाही, असं त्यांनी दोनदा म्हटलं.

आता वारज्यात ऊन शोधायचं म्हणजे काय ते वारज्यात राहणाऱ्यालाच कळेल. आमच्या खिडकीसमोर अकरा मजल्यांचा टॉवर उभा आहे. आमच्या घरात सूर्य येतो तो समोरच्यांच्या काचेवरून परतून, पंधरा मिनिटं. म्हणून गच्ची. लिफ्ट चौथ्या मजल्यापर्यंत जाते, तिच्यापुढे अठरा पायऱ्या. त्या अठरा पायऱ्यांत आक्का तीन वेळा थांबायच्या: सहाव्या पायरीवर, बाराव्या पायरीवर आणि दारात. दारात थांबल्या की कठड्याला धरून म्हणायच्या, "आलं बाई एकदाचं ऊन." जणू ऊनच जिना चढून आलं होतं.

नुसतं उन्हात बसून राहणं त्यांना जमेना. "बसून काय करू? मोकळ्या हातानं बसायची सवय न्हाय मला." चौथ्या दिवशी त्यांनी गावाकडून भाजी घेऊन येणाऱ्या ओळखीच्या टेम्पोवाल्याला निरोप धाडला, आणि ओल्या गोणपाटात गुंडाळलेली स्ट्रॉबेरीची रोपं घरी आली. फळवाल्यांनी टाकलेले प्लास्टिकचे क्रेट मी गोळा केले. रोपांखाली अंथरायला काचसामानाच्या दुकानातून पेंढा आणला. आक्का स्टुलावर बसून रोप लावायच्या आणि मला शिकवायच्या. "गाभा मातीत गाडू नगंस, कुजतो. मान वर राहू दे त्याची." त्यांची बोटं रोपाभोवतीची माती अशी दाबायची की रोपाला कळूही नये. माझ्या धाकट्या दिरांचा जुना करडा स्वेटर त्यांच्या अंगात असायचा, हायवेवरून ट्रकची घरघर यायची, आणि नखांत माती घेऊन आम्ही दोघी स्टीलच्या पेल्यांतून चहा प्यायचो. तेवढ्यापुरतं भांडण बंद असायचं.

इथे मला माझ्याबद्दल एक कबूल केलं पाहिजे. माझा जन्म नारायण पेठेतल्या दोन खोल्यांचा. माती बघितली ती तुळशीच्या कुंडीतली. पण शेतीतला शब्द असा नाही जो माझ्या बोटांखालून गेलेला नाही, कारण शेतीच्या कचेरीत तीस वर्षांहून अधिक काळ मी टंकलेखक होते. शेतकऱ्यांसाठी निघणाऱ्या घडीपत्रिका मी टाइप करायची. मावा, तुडतुडे, फुलकिडे, लाल कोळी. किडींना खाणारे ते मित्रकीटक. शुद्धलेखनाची एक चूक कोणी दाखवावी, मी नोकरी सोडली असती. प्रत्येक मसुद्यात साहेबांची सूचना असायची, की इथे चित्रासाठी जागा सोडावी. मी मोजून जागा सोडायची. चौकट आखायची, आत काही नाही. चित्रं परस्पर छापखान्यात जायची. छापून आलेल्या पत्रिकांचे गठ्ठे तालुक्यांना रवाना व्हायचे आणि मी पुढच्या मसुद्याला लागायची. एवढ्या वर्षांत आपण टाइप केलेला किडा दिसतो कसा, हे बघावंसं मला एकदाही वाटलं नाही. आता याचं मला नवल वाटतं आणि रागही येतो.

डिसेंबर लागला तसा पांढऱ्या फुलांच्या मध्ये पिवळा ठिपका दिसू लागला, आणि कोवळ्या पानांच्या मागे हिरवे बारीक दाणे. पानं बोटाला चिकटायला लागली. आक्कांनी एक पान उलटलं आणि घरात चोर सापडावा तशा म्हणाल्या, "मावा पडला. औषध आण."

"आणणार नाही."

"आगं, औषध मारल्याबिगर इस्टाबेरी येत न्हाय. कोण शिकवतंय मला?"

"डॉक्टर काय म्हणालेत?"

"डाक्टरला इस्टाबेरीतलं काय कळतंय?"

"तुम्हाला खोकल्यातलं कळतंय तेवढंच."

त्या दोन दिवस बोलल्या नाहीत. फवारणीला आपण औषध म्हणतो, हे तेव्हा पहिल्यांदा मला खटकलं. तीस वर्षं टाइप करताना खटकलं नव्हतं. पण मावा दिसतोय आणि आपण हातावर हात धरून बसलोय ही त्यांना अब्रूची गोष्ट वाटत होती, हेही मला कळत होतं. म्हणून मी मधला मार्ग काढला. एका डब्यात साबणाचं पाणी घ्यायचं, रोज संध्याकाळी ऊन उतरल्यावर एकेक पान उलटायचं, आणि दिसेल तो किडा डब्यात टाकायचा.

मावा इतका बारीक की चिमटीत येईना. पण त्याच पानांवर दुसरी एक जात फिरत होती, ती चांगली दिसायची. काळपट, लांबोडकी, खरखरीत पाठीची, पाठीवर नारिंगी डाग, मगरीच्या पिल्लासारखी. चालही तशीच, घाईची. अशा ध्यानाला पाहून कोणीही सांगेल की रोप खातंय ते हेच. मी ती एकेक वेचली. सात-आठ दिवस वेचली. डब्याच्या तळाशी काळा थर जमायचा आणि मी तो आक्कांना दाखवायची. "हां, आत्ता कसं," त्या म्हणायच्या. त्या कौतुकानं मी दुसऱ्या दिवशी आणखी मन लावून वेचायची. मावा मात्र कमी होईना. उलट वाढला. पानं वळायला लागली आणि मुंग्यांच्या रांगा क्रेटवर चढायला लागल्या.

मुंग्या गच्चीवर थांबल्या असत्या तर प्रश्न नव्हता. त्या पाइपाच्या कडेनं उतरून चौथ्या मजल्यावर लेल्यांच्या साखरेच्या डब्यात शिरल्या. लेले आमचे सचिव. दुसऱ्या दिवशी फलकावर सूचना लागली. येत्या रविवारी गच्चीवर किटकनाशक फवारणी करण्यात येईल, सबब कुंड्या व तत्सम वस्तु हटविण्यात याव्यात. मी पर्समधलं पेन काढून आधी "कीटकनाशक" दीर्घ केलं, मग "वस्तू" दीर्घ केली. मग मला सूचनेचा अर्थ कळला.

औषधाचा वास गच्चीतून जायला किती दिवस लागतात ते आक्कांनीच एकदा सांगितलं होतं. भिंतीला आणि पाण्याच्या टाकीला तो धरून राहतो. आणि एकदा फवारलं की दर महिन्याला फवारणार. म्हणजे गच्ची गेली. म्हणजे आक्कांचं ऊन गेलं. आणि आक्का म्हणत होत्या, "बरं झालं. मारू दे त्यांना. मी खाली बसंन." खाली म्हणजे काचेवरून परतून येणाऱ्या पंधरा मिनिटांत.

त्याच आठवड्यात मी संक्रांतीआधीची आवराआवर काढली होती. स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर तिळाचा डबा होता. डबा उचलला तर खाली कागद अंथरलेला. कचेरीतली जुनी घडीपत्रिका. जास्तीच्या प्रती आम्ही सगळ्याच घरी आणायचो, कागद जाड आणि गुळगुळीत असायचा. डब्याचा गोल डाग पडलेला आणि त्या डागाच्या मधोमध एक चौकट, मी मोजून सोडलेली. आत चित्र होतं. काळपट, लांबोडका, पाठीवर नारिंगी डाग. खाली माझ्या टाइपात छापलेलं, की ढालकिड्याची अळी, ही प्रौढ किड्यापेक्षाही जास्त मावा खाते.

ढालकिडा सगळ्यांना माहीत असतो. लाल टोपीवर काळे ठिपके असलेला, लहान मुलं हातावर चालवतात तो. तो लहानपणी असा दिसतो हे मला माहीत नव्हतं. म्हणजे हे वाक्य मी शेकडो वेळा टाइप केलं होतं आणि मला माहीत नव्हतं.

मी तिथेच ओट्याला टेकून फरशीवर बसले. डब्याच्या तळाशी जमणारा काळा थर डोळ्यांपुढे आला. जे आमच्यासाठी राबत होते त्यांना मी रोज संध्याकाळी नेमानं बुडवत होते आणि शाबासकी मिळवत होते. आक्का दारात येऊन उभ्या राहिल्या. "काय झालं? पडलीस का?"

मी त्यांना चित्र दाखवलं. त्यांनी कागद डोळ्यांजवळ धरला. म्हणाल्या, "ह्ये तर तिकडं वावरात मरून पडल्यालं आसायचं. फवारलं की सड्यावानी पडायचं खाली. आमी म्हनायचो, बघा, कीड मेली." मग म्हणाल्या, "समदं वाच."

मी वाचलं. मित्रकीटकांची नावं वाचली, फवारणी कधी टाळावी ते वाचलं, टाळता येत नसेल तर किती प्रमाणात करावी ते वाचलं. त्या मान हलवत होत्या. मग आली शेवटची ओळ. ती प्रत्येक पत्रिकेत असायची, तळाशी, बारीक अक्षरांत. फवारताना हातमोजे घालावेत, नाका-तोंडावर रुमाल बांधावा, द्रावण हातानं ढवळू नये.

आक्कांनी विचारलं, "ह्ये लिवलं व्हतं व्हय?"

मी ती ओळ बोटानं पुन्हा दाखवली.

"आमी हातानंच ढवळायचो. ह्या इथंवर." त्यांनी कोपराला हात लावला. "काठी मोडली व्हती, मालक दुसरी दील दील म्हनला. मंग सवयच लागली." त्या रागावल्या नव्हत्या. राग असता तर बरं वाटलं असतं. "तू लिवलं व्हतंस?"

"टाइप केलं होतं."

"मंग आमच्याकडं का न्हाई आलं ते?"

गठ्ठे तालुक्याला जायचे, पुढे कुठे जायचे ते मी विचारलं नाही. एक मात्र माझ्या डोळ्यांसमोर होतं, की ती ओळ शेवटी माझ्याच घरात, तिळाच्या डब्याखाली येऊन पडली होती आणि ज्या बाईसाठी ती लिहिली होती ती बाई माझ्यासमोर धापा टाकत उभी होती. मी पदर खोचला आणि चौथ्या मजल्यावर गेले. गच्चीवर फवारा उडणार नाही, हे मी लिफ्टमध्येच ठरवून टाकलं होतं. कसं, ते ठरायचं होतं.

लेल्यांनी दार उघडलं. दार साखळीइतकंच उघडायची त्यांची पद्धत आहे.

"या. शुद्धलेखन तपासायला आलात का?"

"फवारणी थांबवा म्हणायला आले."

"मुंग्यांना आपण पत्र लिहू का? ‘कृपया साखर खाऊ नये’?"

मी त्यांना सगळं सांगितलं. मी काय बुडवलं तेही सांगितलं. आक्कांच्या छातीचं सांगितलं. आवाज चढला असावा, कारण त्यांनी साखळी काढली. मुंग्या मावा पाळतात, त्याच्या अंगातून गोड रस निघतो तो खातात, आणि त्याला खायला कोणी आलं तर त्याला हाकलतात, हेही मी सांगितलं. हे सगळं मी कधीतरी टाइप केलेलंच होतं. आता तेच तोंडून येत होतं तेव्हा प्रत्येक शब्द मला खरा वाटत होता.

"म्हणजे माझ्या साखरेवर येणाऱ्या मुंग्या तुमच्या गच्चीवर दूधदुभतं सांभाळून आहेत," लेले म्हणाले. "बरं. रविवार सोडून पुढचा रविवार. दहा दिवस. मुंग्या थांबल्या तर फवारणी नाही. नाही थांबल्या तर तुम्ही मला परत व्याकरण शिकवायचं नाही."

"चालेल," मी म्हटलं.

दहा दिवसांत मुंग्या थांबवायच्या आणि ज्यांना मी बुडवलं त्यांना परत आणायचं. पहिलं काम आक्कांनी सोपं केलं. मी जिन्यात डोकं धरून बसलेली बघून म्हणाल्या, "आगं, गुळाच्या ढेपंला मुंग्या लागू नयेत म्हनून काय करतीस?"

परातीत पाणी घालते आणि मधे गुळाचं भांडं ठेवते. प्रत्येक घरात हेच करतात. एवढी साधी गोष्ट ना घडीपत्रिकेत होती ना माझ्या डोक्यात. आम्ही चहाच्या बशा, लोणच्याच्या बरण्यांची झाकणं, जुन्या डब्यांची बुडं, जे मिळेल ते गोळा केलं. प्रत्येकात पाणी, पाण्यात विटेचा तुकडा, विटेवर क्रेटचा कोपरा. चार कोपऱ्यांना चार. कठड्याला टेकलेली पानं कापली, म्हणजे मुंग्यांना दुसरा रस्ता नको. डासांची तक्रार नको म्हणून पाणी मी रोज सकाळी बदलायची. वाकून वाकून कंबर धरली, पण त्या हिवाळ्यात माझ्या कंबरेचं कोणी ऐकून घेतलं नाही, मीसुद्धा नाही.

दुसरं काम रुईवर झालं. आमच्या मागच्या रिकाम्या प्लॉटवर रुईची झुडपं आहेत. शनिवारी मारुतीच्या माळेसाठी लोक तिची पानं तोडून नेतात. मी जाऊन बघितलं तर शेंड्यांना पिवळा मावा खच्चून लागलेला आणि त्यात आमची काळी मगरपिल्लं निवांत चरत होती. मी इतकी वर्षं त्या झुडपावरून नाक मुरडून गेले होते. पान अलगद तोडायचं, अळीसकट डब्यात ठेवायचं. "चीक डोळ्यात जाऊ देऊ नगंस," आक्कांनी बजावून पाठवलं. डबा तोच होता, साबणाच्या पाण्याचा. तीनदा घासून, उकळतं पाणी घालून घेतला, आणि झाकण लावण्याआधी एकदा हुंगून पाहिला.

अळ्या क्रेटवर सोडल्या तेव्हा आक्का स्टूल ओढून जवळ बसल्या. एक अळी पानावर चढली, थांबली, आणि समोरचा मावा धरून खायला लागली. आक्का पुढे वाकल्या. "खाती की गं!" त्या ओरडल्या. मग हळूच म्हणाल्या, "आमी जन्मभर ह्यांनाच मारलं." ऊन गुडघ्यांवरून पायांवर उतरलं.

मी वेचताना नजरेतून सुटलेला एक पिवळा पुंजका एका पानामागे होता, तिळाएवढ्या अंड्यांचा. सहाव्या दिवशी तिथे रिकामी टरफलं होती आणि भोवती पिल्लं, सुईच्या टोकाएवढी, काळी. त्या दिवशी मी संक्रांतीचे लाडू वळताना गात होते असं आक्का सांगतात. मला गाता येत नाही, त्यामुळे त्यांना आठवत असणार.

रविवारी लेले वर आले. मागोमाग पाठीवर टाकी घेतलेला फवारणीवाला. लेल्यांची दोन्हीकडची तयारी असते. आक्का दारापाशी स्टुलावर बसल्या होत्या. त्या माणसानं टाकीचं झाकण सैल केलं मात्र, वास आला, आणि आक्कांना खोकला सुटला. असा खोकला की त्यांचं कपाळ गुडघ्यांना टेकलं. मी धावले, तर त्यांनी हातानं मला थांबवलं. श्वास सापडल्यावर त्या फवारणीवाल्याला म्हणाल्या, "भाऊ, झाकन लाव. आनि हातमोजं कुठायत तुजं?"

तो गोंधळला. "नाही घालत, मावशी. सवय आहे."

"मलाबी व्हती," आक्का म्हणाल्या. "ही बाई तीस वर्सं लिवत व्हती, हातमोजं घाला म्हनून. आमच्यापत्तुर आलं न्हाई. तुज्यापत्तुर आलं. आता घालायचं."

त्यानं झाकण लावलं. लेल्यांनी खिशातून भिंग काढलं. तिकिटं जमवायचा त्यांना नाद आहे, भिंग त्याचंच. चष्मा कपाळावर सरकवून ते क्रेटवर वाकले. मुंग्या नव्हत्या. बशांतल्या पाण्यात आभाळ दिसत होतं. मावा होता, संपलेला नव्हता, पण पानं सरळ व्हायला लागली होती. काही मावा फुगून सोनेरी झाला होता आणि हलत नव्हता. "हे काय?" त्यांनी विचारलं. ती एका बारीक गांधीलमाशीची करणी, मी सांगितलं. ती माव्याच्या पोटात अंडं घालते आणि पिल्लू तो आतून खाऊन बाहेर पडतं. लेल्यांना एकावर गोल भोक दिसलं, झाकण उघडून ठेवल्यासारखं. मग त्यांना अळी सापडली. ते पाऊण तास वाकून होते. फवारणीवाला कठड्यावर बसून शेंगदाणे खात होता.

उठताना त्यांची पाठ कटकन वाजली. "आपल्या कमिटीपेक्षा बरं काम आहे यांचं," ते म्हणाले. "बैठकसुद्धा घेत नाहीत." फवारणीवाल्याला त्यांनी खाली नेऊन चहा दिला आणि घरी धाडलं. भिंग क्रेटवरच विसरले. परत द्यायला गेले तर साखळीआडून म्हणाले, "राहू द्या. तुमच्याकडे बघण्यासारखं जास्त आहे."

फेब्रुवारीत फळं लागली. मंडईतल्यासारखी नव्हती. लहान, वाकडी, एकाला बुलबुलानं चोच मारलेली. पण लाल होती. मी आक्कांना पहिलं फळ तोडायला सांगितलं. त्यांनी देठ असा खुडला की रोप हललंसुद्धा नाही, आणि फळ माझ्यापुढे धरलं. "जा, धुऊन आन."

"धुवायचं कशाला? यावर काही मारलेलं नाही."

त्यांनी फळ बोटांत फिरवलं. मग म्हणाल्या, "लाखानं तोडली आसतील मी. झाडावरची तोंडात कवा टाकली न्हाई. पोरींनाबी सांगायचो, तोंडात टाकायची न्हाई, औषध हाय." त्यांनी डोळे मिटून फळ तोंडात टाकलं. मी विचारलं, कशी आहे. रस ओठांच्या कोपऱ्यातून हनुवटीवर आला होता, तो त्यांनी स्वेटरच्या बाहीनं पुसला. "आंबट हाय," त्या म्हणाल्या, आणि दुसरं खुडलं.

आता पुन्हा थंडी आली आहे. टेम्पोवाल्यानं नवी रोपं आणली, माना वर ठेवून आम्ही ती लावली. कोथिंबिरीची एक कुंडी मी मुद्दाम फुलू दिली आहे. तिच्या पांढऱ्या फुलांवर पट्टेवाल्या माश्या तरंगतात आणि त्यांची पोरंही मावा खातात. शेजारणी म्हणतात, कोथिंबीर वाया गेली. मी त्यांना भिंग देते. बशा पुन्हा मांडल्या आहेत. मावाही आला आहे, वेळेवर. तो येणारच, त्याच्याशिवाय बाकीच्यांनी खायचं काय. गेल्या आठवड्यात मी एक कागद टाइप केला, मोठ्या अक्षरांत. त्यात हातमोज्यांची ती शेवटची ओळ सगळ्यात वर घेतली आणि आक्कांच्या गावच्या बायकांसाठी टेम्पोवाल्याच्या हातात दिला. चौकटीतलं चित्र मी स्वतः काढलं, भिंगातून बघून. मगर जरा जाड झाली आहे. पुढच्या वेळी बरी काढीन. दर फेरीला एक कागद द्यायचा, असं ठरवलं आहे. कोणाला वाचता येत नसेल तर वाचून दाखवायचा, असं टेम्पोवाल्याकडून कबूल करून घेतलं आहे.

आज सकाळी आम्ही गच्चीवरून उतरत होतो. आक्का पुढे, मी मागे. बारा पायऱ्या उतरून झाल्या होत्या. तेवढ्यात त्या थांबल्या आणि पदराकडे बघायला लागल्या. पदराच्या काठावर एक काळं मगरपिल्लू चाललं होतं, घाईघाईनं.

"द्या इकडे, मी सोडून येते," मी म्हटलं.

"तू दाबशील."

त्यांनी पदराचं टोक तळहातावर धरलं आणि वळल्या. बारा पायऱ्या. मी मागून मोजत होते. सहाव्या पायरीवर त्यांनी श्वास घेतला, पण त्या थांबल्या नाहीत.

"आक्का, जरा दम घ्या. ते कुठे पळून जात नाही."

"खाली काय हाय त्येला खायाला?" त्या न वळता म्हणाल्या, आणि उरलेल्या सहा पायऱ्या चढून गेल्या.